सिग्नलला काटा वर, हायवेला खाली

गाडी पळत असली की इंजिनच्या तापमानाचा काटा मधोमध; ट्रॅफिकमध्ये अडकली की लालकडे. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) पुरेसं, गळती कुठेच नाही. थर्मोस्टॅटवर, म्हणजे कूलंटची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेवर, उगाच संशय घेत बसलो! मग डोक्यात प्रकाश पडला: वेगात वारा आपोआप रेडिएटरमधून (कूलंट थंड करणाऱ्या जाळीतून) जातो, उभ्या गाडीत ते काम फॅनचं. एसी लावून बॉनेट उघडलं, तर फॅन ढिम्म. फ्यूज ठीक होता. हॉर्नचा त्याच नंबरचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) काढून फॅनच्या जागी बसवला, फॅन गरगरला. नवा रिले टाकला.

तोवर काटा चढला की एसी बंद, हीटर फुल. घामाघूम व्हायचो, पण इंजिनची उष्णता कमी व्हायची. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडलं नाही. आतलं कूलंट दाबाखाली १०० अंशांच्याही वर असू शकतं, झाकण सैल करताच उसळून अंगावर येतं.