बंद दगडखाणीतले पाणी ओढ्यात सोडण्यापूर्वी

नाशिकजवळ विल्होळी-सारूळच्या बाजूला डोंगर फोडून काळा दगड काढलेल्या खाणी आहेत. अशी खाण बंद पडली की दोन-तीन पावसाळ्यांत तिचे तळे होते, आणि ते भरले की पाणी सर्वांत खालच्या काठावरून वाट काढून ओढ्यात उतरते. खाली कोणाची विहीर असते, कोणाची द्राक्षबाग असते. खाणीतला बारीक गाळ ठिबकच्या नळ्यांत जाऊन बसला की ऐन छाटणीनंतर, वेलीला पाणी हवे असते त्याच वेळी, तोट्या बुजतात. म्हणून हे पाणी सोडावे कसे, हे जमीनमालकाने आणि ग्रामपंचायतीने पावसाळ्याआधीच ठरवायला हवे.

पहिली गोष्ट म्हणजे चुन्याची पोती आणू नयेत. बंद खाण म्हटले की अनेकांना चुना आठवतो, कारण कोळशाच्या खाणीत, विशेषतः कोळशाबरोबर लोह आणि गंधक असलेले पायराइट हे खनिज असेल तेथे, हवा व पाणी लागताच गंधकाम्ल तयार होते आणि ते शमवण्यासाठी चुना लागतो. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, हा लाव्हारसाचा खडक आहे. त्यात पायराइट जवळजवळ नसते आणि त्यातून झिरपणारे पाणी सहसा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असते. जमिनीवरील जलप्रवाहात सोडायच्या सांडपाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचे माप) साधारण नियमानुसार ५.५ ते ९.० या मर्यादेत हवा. अशा पाण्यात चुना घातला तर उपाय म्हणून केलेले कामच ती मर्यादा ओलांडायला लावते. साध्या सामूमापकाने तीन-चार ठिकाणी मोजणी करावी, नोंद ठेवावी आणि मग खऱ्या दुखण्याकडे वळावे. ते दुखणे म्हणजे गाळ.

क्रशरच्या भुकटीने गढूळलेले पाणी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवून पाहावे. जाड कण काही मिनिटांत तळाशी बसतात, पण वरचे पाणी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही दुधाळ करडेच दिसते. याला साधे गणित आहे. ०.०१ मिलिमीटरचा दगडी कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे पावणेतीन तास घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाच्या कणाला मात्र अकरा दिवस लागतात. पहिला कण गाळकुंडात, म्हणजे पाणी संथ करून गाळ खाली बसवणाऱ्या खड्ड्यात, बसवता येतो. दुसऱ्यासाठी तुरटी लागते.

कुंड केवढे करायचे हे पाणी किती येते यावर ठरते, त्यामुळे सांडव्यावर आधी मोजणी करावी. काटकोनी त्रिकोणी खाच कापलेली लोखंडी पाटी प्रवाहात आडवी, समतल बसवावी आणि खाचेच्या टोकापासून वर किती पाणी आहे ते पाटीपासून थोडे मागे, संथ पाण्यात मोजावे. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १५ असेल तर १२ लिटर आणि २० असेल तर जवळपास २५ लिटर पाणी वाहते. ही नोंद जोराच्या पावसातली हवी, कारण उन्हाळ्यातल्या आकड्यावर बांधलेले कुंड जुलैत वाहून जाते.

सेकंदाला १० लिटर प्रवाहासाठी ०.०१ मिलिमीटरचा कण बसवायला हिशेबाने सुमारे १०० चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. प्रत्यक्षात पाणी सरळ रेषेत पळते आणि कोपरे निकामी राहतात, म्हणून माझ्या मते दुप्पट धरावा. कुंडाची लांबी रुंदीच्या तिप्पट तरी असावी, पाणी आत येते तेथे दगडांचा आडवा बांध घालून त्याचा जोर मोडावा, आणि बाहेर पडताना ते रुंद उंबऱ्यावरून पातळ थराने जावे. एक-तृतीयांश खोली गाळाने भरली की कुंड उपसावे. उपसलेला गाळ ओढ्याच्या काठावर टाकला तर पहिल्याच सरीने तो पुन्हा पाण्यात येतो; तो उंचावर वाळवावा.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे वरचे स्वच्छ पाणी खाणीत पडूच न देणे. एक हेक्टर उतारावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर पाच लाख लिटर पाणी पडते. त्यातला मोठा भाग खाणीच्या डोक्यावर चर खणून बाजूने ओढ्यात उतरवता येतो. चरात जागोजाग दगड रचावेत, नाहीतर चरच मुरूम कापत जातो.

तुरटीचे प्रमाण अंदाजाने ठरवू नये. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवावी. या द्रावणाचा एक मिलिलिटर एक लिटर गढूळ पाण्यात घातला की मात्रा १० मिलिग्रॅम होते. पाच बरण्यांत १ ते ५ मिलिलिटर घालून मिनिटभर जोरात, मग पंधरा मिनिटे हळू ढवळावे आणि अर्धा तास ठेवावे. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी निवळते, तीच वापरावी. तुरटी कुंडाच्या तोंडाशी, पाणी खळाळते तेथे थेंब-थेंब सोडावी. बाहेर पडणाऱ्या पाण्यातील तरंगते घन कण लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असायला हवेत.

नुकत्याच बंद झालेल्या खाणीत नायट्रेटही तपासावे, कारण सुरुंगाची दारू बहुधा अमोनियम नायट्रेटची असते. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि खालच्या विहिरीचा नमुनाही त्याच दिवशी घ्यावा. नायट्रेट जास्त आढळल्यास कुंडानंतर पाणकणीस आणि कर्दळीची उथळ दलदल करावी. जलपर्णी मात्र आणू नये, गोदावरीत तिने काय केले ते आपण पाहतोच. खाणीत कचरा टाकला गेला असेल तर गाळकुंड पुरत नाही. आधी कचरा काढावा लागतो.

पंपाने पाणी काढायचे असेल तर शोषनळीचे तोंड तरंगत्या पिंपांना बांधून पृष्ठभागाखाली मीटरभर ठेवावे. खोल खाणीच्या तळाशी प्राणवायू नसलेले, कुजक्या अंड्यांच्या वासाचे पाणी साठू शकते. ते एकदम ओढ्यात गेले तर मासे मरतात. काठ सरळ तुटलेले असतात, म्हणून नमुना घ्यायला एकट्याने उतरू नये, जीवरक्षक जाकीट आणि दोर घेऊनच जावे.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार असे पाणी सोडण्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. त्यासाठी वरील मोजणीची वही उपयोगी पडते. पावसाळ्यात दर आठवड्याला आणि मोठ्या पावसानंतर लगेच कुंडाच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या बाटल्या शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही सारख्याच गढूळ दिसल्या, तर तुरटी वाढवण्याआधी कुंडातला गाळ बांबूने मोजावा.