चार ‘स’ कसे वाचावेत

सर्बियाचा राजचिन्ह असलेला सरकारी ध्वज समोर आला, की आधी गरुडाच्या छातीवरची लाल ढाल शोधा. बेलग्रेडला राहायला गेले तेव्हा घरमालकीण आजींनी मला पहिल्याच आठवड्यात ती दाखवली, बोट ठेवून.

ढालीवर पांढरा क्रूस आणि चार कोपऱ्यांत चार वाकड्या आकृत्या. ही मुळात चकमक झाडायची पोलादं. बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या चिन्हातून आलेली. पण लोक ती सिरिलिक लिपीतला ‘С’, म्हणजे आपला ‘स’, अशी वाचतात: सामो स्लोगा स्र्बिना स्पासावा. एकीच सर्बाला तारते. परंपरा हे बोल सर्बियन चर्चचे संस्थापक संत सावा यांचे मानते. अक्षरांचा हा अर्थ मात्र बराच नंतर जोडला गेला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

म्हणताना ‘स्र्बिना’वर घाई नको. स आणि ब यांच्यामध्ये स्वर नाही, नुसता र थरथरवायचा. मला जमायला महिना लागला. जमलं त्या दिवशी आजींनी माझे दोन्ही हात घट्ट धरले.

मग दुसरी घोषणा शिका: ‘बोल्ये रात नेगो पाक्त, बोल्ये ग्रोब नेगो रोब.’ करारापेक्षा युद्ध बरं, गुलामीपेक्षा थडगं बरं. रात-पाक्त, ग्रोब-रोब हे यमक ठसक्यात म्हणा. 25 मार्च 1941 ला युगोस्लाव्हियाने हिटलरच्या गोटाशी करार केला आणि 27 तारखेला बेलग्रेडच्या रस्त्यांवर हीच घोषणा घुमली. 6 एप्रिलला शहरावर बॉम्ब पडले. म्हणून ती टाळ्यांसाठी म्हणू नका.