प्रार्थना करायला शिकताना: उसन्या शब्दांपासून सुरुवात

आपल्याला प्रार्थना करता येत नाही, हे कबूल करताना अनेकांना संकोच वाटतो, विशेषतः ज्यांचे लहानपण चर्चमध्ये गेले आहे त्यांना. हा संकोच बाळगण्याचे कारण नाही. येशूबरोबर रात्रंदिवस राहणाऱ्या आणि लहानपणापासून स्तोत्रे ऐकत आलेल्या शिष्यांपैकी एकानेच, येशूची प्रार्थना संपल्यावर, ‘प्रभूजी, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा’ अशी विनंती केल्याचे लूकच्या शुभवर्तमानात 11व्या अध्यायाच्या आरंभी सांगितले आहे. उत्तरादाखल येशूने आधी प्रार्थनेचे तत्त्व समजावले नाही, तर म्हणण्यासाठी शब्द दिले. म्हणूनच नवशिक्याने स्वतःचे शब्द सुचण्याची वाट पाहत बसू नये, उसन्या शब्दांनी सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

जागा आणि वेळ यांविषयी फार विचार करण्याची गरज नाही. खोलीत जाऊन दार लावून घ्यावे, असे मत्तयाच्या 6व्या अध्यायात येशूने सांगितले आहे. लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करू नये, हा त्यामागचा रोख आहे. दिवसातली एकच वेळ ठरवावी आणि पहिले काही आठवडे दहा मिनिटांपेक्षा जास्त बसण्याचा संकल्प करू नये, कारण मोठे संकल्प चौथ्या दिवशी मोडतात आणि मग अपराधी वाटून माणूस बसणेच सोडून देतो. गुडघे टेकावेत की उभे राहावे, हा प्रश्नही बायबलने मोकळाच ठेवला आहे: संदेष्टा दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, येशूने सांगितलेल्या दाखल्यातला जकातदार (कर गोळा करणारा) दूर उभा राहून छाती बडवीत होता आणि गेथशेमाने बागेत येशू जमिनीवर पडून प्रार्थना करीत होता.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होणारी प्रभूची प्रार्थना बहुतेकांना पाठ असते आणि नेमक्या त्याच कारणाने ती अर्ध्या मिनिटात, अर्थ मनाला न शिवता, म्हणून होते. ती पाठांतर म्हणून न म्हणता एकेका ओळीवर थांबत म्हणावी. पहिल्याच संबोधनात ‘आमच्या’ हा शब्द आहे, ‘माझ्या’ नाही; म्हणजे दार लावून एकटे बसलेल्या माणसालाही एका कुटुंबाचा भाग म्हणूनच बोलायला शिकवले आहे. पुढच्या तीन विनंत्या तुझे नाव, तुझे राज्य आणि तुझी इच्छा यांविषयी आहेत, आणि भाकर, क्षमा व परीक्षा या आपल्या गरजा त्यानंतर येतात. आपली सहज प्रवृत्ती याच्या अगदी उलट असते: आपण डोळे मिटताच मागण्यांपासून सुरू होतो आणि शेवटी वेळ उरलाच तर देवाचे आभार मानतो. हा क्रम पाळून पाहावा. काल रात्रभर छळणारी चिंता ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीनंतर उच्चारली, तर ती तीच राहते, पण तिच्या मागणीचा सूर बदललेला असतो.

‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या ओळीत मागणी फक्त आजची आहे. अरण्यात इस्राएल लोकांनी सकाळपर्यंत साठवून ठेवलेल्या मान्न्यात, म्हणजे देवाने रोज पुरवलेल्या अन्नात, किडे पडले, हा निर्गमच्या 16व्या अध्यायातला प्रसंग इथे आठवावा. या ओळीवर थांबून आज, संध्याकाळपर्यंत, आपल्याला नेमके काय हवे आहे ते साध्या शब्दांत सांगावे. ‘सर्वांचे कल्याण कर’ असे मोघम मागण्यापेक्षा ‘आज दुपारी वडिलांच्या तपासणीचा निकाल येणार आहे, मला भीती वाटते, तो ऐकताना माझ्याजवळ राहा’ हे मागणे अधिक खरे आहे. असे बोलायला सुरुवातीला लाज वाटते, कारण आपण ऐकलेल्या प्रार्थना बहुधा भारदस्त भाषेत असतात. मात्र मराठी बायबलमध्ये देवाला ‘तू’ म्हटले आहे, आणि ज्याला ‘तू’ म्हणायचे त्याच्याशी अर्जाच्या भाषेत बोलणे विसंगतच ठरते.

क्षमेच्या ओळीपाशी मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच विनंतीकडे पुन्हा वळतो, ती म्हणजे क्षमेची: तुम्ही लोकांच्या अपराधांची क्षमा केली नाही, तर तुमचा पिताही तुमची क्षमा करणार नाही. या ओळीवर एखादे नाव मनात येते आणि घसा अडखळतो. तेव्हा मन साफ झाल्याचे सोंग आणू नये. ‘मी त्याला अजून क्षमा केलेली नाही, मला ती करावीशीही वाटत नाही, ही इच्छा तूच मला दे’ एवढे म्हटले तरी ती प्रार्थनाच आहे. स्वतःच्या पापांची कबुली देतानाही ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ या सरसकट वाक्याआड लपू नये. आज कोणाला काय बोललो, कोणते काम टाळले, कुठे खोटे बोललो, ते नावानिशी सांगावे. लूकच्या 18व्या अध्यायातल्या त्याच दाखल्यातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, स्वतःचे उपास आणि दशमांश मोजून दाखवतो, तर जकातदार ‘हे देवा, मज पापी माणसावर दया कर’ इतकेच म्हणतो आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो.

लक्ष विचलित होणारच. दुसऱ्या मिनिटाला गॅस बंद केला की नाही, हे आठवते. त्या विचाराशी झगडत न बसता, ज्याची आठवण झाली तीच गोष्ट देवापुढे मांडावी आणि सोडलेल्या ओळीवर परत यावे. दहा मिनिटांत दहा वेळा परत यावे लागले, तरी ती वेळ वाया गेलेली नसते.

काही दिवस असेही येतात की शब्दच फुटत नाहीत. अशा दिवसांसाठी स्तोत्रसंहिता आहे. तिच्यातल्या 150 स्तोत्रांत स्तुती आहे तशी तक्रारही आहे: 13वे स्तोत्र ‘कोठवर?’ असे पुन्हा पुन्हा विचारते, 51वे पश्चात्तापाचे आहे, आणि 88वे तर अंधारातच संपते, त्याला आशेची शेवटची ओळसुद्धा नाही. आपल्या मनःस्थितीचे एक स्तोत्र निवडून ते मोठ्याने, सावकाश वाचावे. तेही जमले नाही, तर जुन्या करारातल्या हन्नाची आठवण ठेवावी. मंदिरात प्रार्थना करताना तिचे फक्त ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला ती मद्यपी वाटली. आपल्याला यथायोग्य प्रार्थना करता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे प्रेषित पौलाने रोमकरांस, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिले आहे.

मागितलेले मिळाले नाही, तर काय, हा प्रश्न लवकरच उभा राहतो, आणि त्यावर झटपट उत्तर देणाऱ्यांपासून मी जरा दूरच राहतो. ‘शरीरातला काटा’, म्हणजे सतत छळणारी एक पीडा, निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाले. स्वतः येशूनेही गेथशेमानेत, समोर उभ्या असलेल्या दुःखाविषयी, ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ असे म्हटले, आणि त्याच वाक्यात पुढे ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ असेही. या दोन्ही अर्ध्या भागांपैकी एकही गाळू नये.

शेवटी आपण ‘येशूच्या नावाने’ म्हणतो ते विनंती मान्य व्हावी म्हणून मारलेला शिक्का नव्हे. आपण स्वतःच्या योग्यतेवर नव्हे, तर त्याच्या आधाराने पित्याजवळ आलो आहोत, एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘आमेन’ हा मूळ हिब्रू शब्द ‘खरोखर’, ‘तसेच होवो’ या अर्थाचा आहे, म्हणून तो घाईने उरकू नये. पुढे केव्हातरी प्रार्थनासभेत कोणीतरी अचानक आपले नाव घेऊन ‘आता तुम्ही प्रार्थना करा’ असे म्हणेल, तेव्हा दोनच वाक्ये बोलावीत: एक आभाराचे, एक मागणीचे, मग आमेन म्हणून थांबावे.