एबीएसचा दिवा आणि 'व्होल्टेज कमी'चा कोड: मॉड्यूलला हात लावण्याआधी वायरवर भार टाका

चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी पूर आला. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे एकाच तक्रारीच्या गाड्या येत होत्या: एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागतो, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) व्होल्टेज कमी असल्याचा कोड दाखवतो, आणि बॅटरी तर नवीच बसवलेली. हा कोड ह्युंदाईत सी११०२ असतो, टोयोटात सी१२४१. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे आणि या कोडवर कुणी एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा पंप आणि कॉम्प्युटर असलेला डबा, बदलायला निघालं की आधी थांबवतो. मॉड्यूल खराब आहे असं तो कोड म्हणतच नाही. आपल्याला वीज कमी पडली, एवढंच मॉड्यूल सांगतंय.

गाडी आली की माझा पहिला प्रश्न असतो, दिवा नेमका कधी लागतो? निम्मं निदान या उत्तरात असतं. सेल्फ मारताना लागत असेल तर बॅटरी किंवा तिची टर्मिनलं बघायची. रात्री हेडलाइट, एसी, वायपर सगळं चालू असताना लागत असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा) आणि त्याचा पट्टा. आणि गाडी निघून ताशी पंधरा-वीसच्या वेगाला आली की लागत असेल, तर कान टवकारायचे. बऱ्याच गाड्यांत त्याच वेगाला मॉड्यूल आपला पंप क्षणभर फिरवून बघतं. तेवढ्या क्षणात पंपाची मोटर बराच करंट ओढते, आणि कमकुवत जोड तिथेच उघडा पडतो.

बॅटरी आणि चार्जिंग पटकन तपासून घ्या. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीवर शंका घ्या. इंजिन चालू असताना, दिवे आणि ब्लोअर लावून, साडेतेराच्या वर मिळायला हवेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून मुद्दाम व्होल्टेज उतरवतो, म्हणून तिथे एकाच आकड्यावर निकाल देऊ नका, भार वाढवून पुन्हा बघा.

हे सगळं ठीक निघालं तरी दिवा लागतोच, अशी एका निवृत्त गुरुजींची गाडी होती. कुंभार्ली घाटातून त्यांचं नेहमीचं जाणं-येणं. दुसरीकडे त्यांना मॉड्यूल गेलंय म्हणून सांगितलेलं. तिथे मल्टिमीटरने कपलरवर (मॉड्यूलला वायरी जोडणाऱ्या प्लगवर) १२.६ व्होल्ट मोजले होते, म्हणजे वायरिंग चांगलं असा हिशोब.

इथेच फसायला होतं. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरची दहा तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. आता हिशोब करा. जोडावर ०.१५ ओहमचा अडथळा आहे आणि मोटर ३० अँपिअर ओढतेय, म्हणजे साडेचार व्होल्ट त्या जोडातच गेले. बॅटरीवर १४ असताना मॉड्यूलला मिळाले साडेनऊ. कोड येणारच.

म्हणून वायरवर भार टाकून मोजायचं. माझं हत्यार म्हणजे हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब, दोन वायरी सोल्डर केलेला. एक फिलामेंट जवळपास पाच अँपिअर ओढतं. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, मगच मॉड्यूलचा मोठा कपलर सोडवा. नंतर निगेटिव्ह परत जोडा. कपलरमध्ये साधारणपणे जाड वायरीच्या दोन पिना पॉझिटिव्हच्या आणि दोन अर्थच्या (गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणाऱ्या) असतात. वायरिंगचा नकाशा बघून खात्री करा. बल्ब एका पॉझिटिव्ह आणि एका अर्थ पिनेवर लावा. मल्टिमीटरची जाड सळई पिनेत खुपसू नका, पीन सैल होते आणि नवाच दोष तयार होतो. त्या मापाची बारीक पीन वापरा. वायरीला सुई टोचून मोजणं तर कोकणात करूच नये. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तांबं हिरवं पडतं.

बल्ब पेटलेला असताना दोन मापं घ्या. पहिलं, बॅटरीच्या निगेटिव्हपासून कपलरच्या अर्थ पिनेपर्यंत. ते ०.१ व्होल्टच्या आत हवं. दुसरं, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पॉझिटिव्ह पिनेपर्यंत. तिथे ०.२ पर्यंत मी चालवून घेतो. मग राहिलेल्या पिनांवरही हेच करा.

गुरुजींच्या गाडीत अर्थच्या बाजूला ०.७ आले. वायरीच्या मागे हात फिरवत गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला कसलेला अर्थचा बोल्ट सापडला. वरून रंग छान, थिंबलखाली (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीखाली) गंज आणि पुराचा गाळ. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने बॉडीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी थिंबल दाबून बसवली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. माप ०.०४ वर आलं.

पॉझिटिव्हच्या बाजूला जास्त आले तर फ्यूज बॉक्स बघा. फ्यूज तुटलेला नसला तरी त्याचे पाय तापून काळे पडलेले असतात, किंवा त्याला कसलेला बोल्ट सैल असतो. फ्यूजच्या दोन्ही टोकांवर वेगवेगळं मोजलं की दोष कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

दिवा लागलेला असताना साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा. ती ठीक असली तरी गाडी घाटात नेऊ नका. मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते.

काम झाल्यावर निगेटिव्ह काढूनच कपलर परत बसवा आणि त्याची कडी पूर्ण बसल्याचा आवाज ऐका. कोड पुसा. मग मोकळ्या रस्त्यावर, रेडिओ आणि ब्लोअर बंद ठेवून, ताशी तीसपर्यंत न्या. वाटेत बोनेटखालून क्षणभर घर्र् असा आवाज येतो, तो पंपाचा. गुरुजींना शेजारी बसवूनच मी तो ऐकवला.