गिरणीत काम केलेल्या माणसाच्या आठवणी कशा रेकॉर्ड कराव्यात

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा जो विशीत होता तो आज साठी ओलांडून गेला आहे. साठच्या दशकात साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहे. लालबाग-परळमध्ये, आणि संपानंतर गावी परतलेल्या कोकणातल्या, साताऱ्या-कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत असे आजोबा, काका, मावशी अजून बोलते आहेत. संपाबद्दल घरात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण हा माणूस रोज आठ तास नेमकं काय करत होता, हे मुला-नातवंडांपैकी एकालाही सांगता येत नाही. म्हणून आधी कामाचं रेकॉर्डिंग करा, संपाचं नंतर.

हा क्रम महत्त्वाचा आहे. संपावर बोलायची या मंडळींना सवय झालेली असते. पत्रकारांनी विचारलेलं असतं, मोर्चात बोललेलं असतं, त्यामुळे सांगणं तोंडात बसलेलं असतं. सुरुवातच तिथून केलीत तर तासभर तेच ऐकाल आणि माणूस दमेल. साच्याबद्दल, कांडीबद्दल (धोट्यात बसणारी धाग्याची गुंडाळी), जॉबरबद्दल (कामगारांवरचा मुकादम) त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं. आठवण ताजी असते ती तिथे.

आधी कागद काढा

बोलायला बसण्याआधी आठवडाभर तरी घरातली पत्र्याची पेटी, देव्हाऱ्यामागची पिशवी, जुन्या फाइली उघडा. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर (कामगाराचा क्रमांक), लाल पास, हजेरी पास, भरपगारी रजेचं कार्ड, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, फंडाचा क्रमांक, ग्रॅच्युइटीचा कागद, सर्व्हिसचा दाखला असं जे मिळेल ते. याच कागदांवर म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठीची पात्रताही ठरते, त्यामुळे ते एखाद्या संघटनेच्या कार्यालयात किंवा अर्जाच्या फाइलीत अडकलेले असण्याची शक्यता मोठी. तिथेही विचारा.

प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागे पेन्सिलने लिहिलेले आकडे पुष्कळदा समोरच्या छापील मजकुरापेक्षा जास्त बोलतात. खिडकीजवळ सपाट ठेवून, फ्लॅश न वापरता फोटो घ्या. स्कॅन करणार असाल तर कागदाला ३०० डीपीआय पुरे, पासपोर्टच्या आकाराच्या फोटोला ६०० ठेवा. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही आणि कागद खराब होतो. तिकीट नंबर, खातं (गिरणीतला विभाग) आणि कामावर लागल्याची तारीख या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या. मुलाखतीचा पाया तोच.

जागा, वेळ, फोन

चांगला फोन असला की वेगळं यंत्र लागत नाही. आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा खोलीमुळे. छताचा पंखा बंद करा किंवा माणसाला पंख्याच्या थेट खाली बसवू नका. कुकर, मिक्सर, टीव्ही बंद. चाळीत पाणी यायची वेळ टाळा, कारण त्या अर्ध्या तासात गॅलरीतल्या हंड्या-कळशांखेरीज काही ऐकू येणार नाही. गावी पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात रेकॉर्डिंग ठरवू नका. गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली उत्तम, तिथे आवाज घुमत नाही.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर फोन आला की काही मॉडेलमध्ये रेकॉर्डिंग मध्येच तुटतं आणि ते लक्षातही येत नाही. तोंडापासून वीतभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर थेट ठेवलात तर कपबशीचा प्रत्येक धक्का कानात ठोका होऊन येतो. एक मिनिट बोलून, ऐकून बघा, मगच सुरू करा. डब्ल्यूएव्ही या प्रकारात साठवलंत तर एका माइकच्या तासाभराच्या आवाजाला साधारण ३२० ते ३५० एमबी जागा लागते. फोनचं नेहमीचं एम-फोर-ए वापरलंत तर ६० एमबीच्या आसपास. जागा असेल तर पहिला प्रकार घ्या.

साचेखात्यात काम केलेल्यांना पुष्कळदा कमी ऐकू येतं. शेकडो साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यावर दुसरं काय होणार? कुठल्या कानाने बरं ऐकू येतं ते विचारा, त्या बाजूला पण समोर दिसाल असे बसा. ओरडू नका. आवाज जरा खालच्या पट्टीत ठेवून सावकाश विचारा.

एका बैठकीला तास, फार तर सव्वा तास. सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारच्या झोपेनंतर. घरातल्या दोघा-चौघांना आधीच बजावून ठेवा की मध्ये उत्तर द्यायचं नाही. ‘अहो, तसं नव्हतं, मी सांगते’ एकदा सुरू झालं की मुख्य माणूस गप्प होतो. आजींनाही सांगायचं असतंच, आणि ते मोलाचं असतं. त्यांची बैठक वेगळी घ्या.

सुरुवातीला रेकॉर्डरवर तारीख, ठिकाण, कोण बोलतंय आणि कोण विचारतंय एवढं स्वतःच्या आवाजात सांगा. परवानगीही आवाजातच विचारून घ्या.

एक पाळी, भोंग्यापासून भोंग्यापर्यंत

‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असं विचारलंत तर ‘काय सांगू, कष्ट केले’ एवढंच मिळतं. त्याऐवजी एक पाळी घ्या. दिवसपाळी की रात्रपाळी ते त्यांना निवडू द्या, आणि झोपेतून उठल्यापासून चालत जा. एका खोलीत कितीजण झोपायचे? भोंगे किती व्हायचे, कितव्या भोंग्याला निघायचं? गेटवर तिकीट कुठे द्यायचं? खात्यात शिरल्यावर पहिला हात कशाला लागायचा? आधीच्या पाळीचा माणूस मशीन चालू ठेवून जायचा की बंद करून? डबा कुठे, किती वेळात? लघवीला जायचं तर मशीन कोण बघायचं? शेवटच्या प्रश्नातून खात्यातली दोस्ती, जॉबरची मर्जी, दंड असं बरंच काही आपोआप बाहेर येतं.

पुढचे प्रश्न खात्याप्रमाणे बदला. त्यासाठी कापसाचा प्रवास डोक्यात हवा. ब्लो रूममध्ये गाठी फोडून कापूस मोकळा करत, कार्डिंगमध्ये विंचरून त्याचा पेळू (सैल जाड वात) होई, मग ड्रॉइंग, स्पीड फ्रेम, आणि रिंग फ्रेमवर सूत. जुनी माणसं रिंगच्या खात्याला थ्रॉसल म्हणतील, गोंधळू नका. नंतर वाइंडिंग, वार्पिंग, सायझिंगमध्ये ताण्याला (उभ्या धाग्यांना) खळ, आणि मग साचेखातं. शेवटी ब्लीचिंग, रंगखातं, फोल्डिंग.

सूतखात्यातल्या माणसाला विचारा: तुटलेली तार (धागा) कशी जोडायची, कुठल्या बोटांनी, मशीन न थांबवता? भरलेल्या बाबिणी (सुताची रिळं) काढणारी डॉफर मंडळी किती, किती वेळात एक फेरी? साचेवाल्याला विचारा: किती साचे बघायचात, दोन की चार? साध्या साच्यावर कांडी संपली की धोटा (आडवा धागा नेणारं साधन) कसा बदलायचा? कापडात कसली खोट निघायची आणि तिचे पैसे कुणाच्या अंगावर? घामाचं विचारायला विसरू नका. धागा तुटू नये म्हणून खात्यातली हवा दमट ठेवत, खिडक्या बंद असत.

ब्लो रूम किंवा कार्डिंगमध्ये काम केलेल्यांना आणखी एक विचारा: सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती भरल्यासारखी व्हायची का? कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची ती ओळखीची खूण आहे. ‘आजार होता का’ असं विचारलंत तर ‘नाही’ येईल, कारण तेव्हा ते आजारात धरलंच जात नसे.

हातांनी दाखवायला लावा. पन्नास वर्षांनीही बोटं ती हालचाल विसरलेली नसतात. पण आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये हात दिसत नाहीत, म्हणून तुम्ही ते शब्दांत बोला: ‘म्हणजे डाव्या हाताने बाबीण धरून उजव्या हाताने तार वरून घ्यायची?’ चुकलात तर ते दुरुस्त करतील, आणि ती दुरुस्तीच खरा ठेवा. या भागाचं पाच मिनिटांचं व्हिडिओ वेगळं घ्या, कमरेपासून डोक्यापर्यंत, दोन्ही हात चौकटीत ठेवून.

एक मोठा कागद आणि जाड पेन पुढे करा आणि खात्याचा नकाशा काढायला सांगा. दार, मशीनच्या रांगा, जॉबरची जागा, पाण्याचा नळ. ‘इथे अमका उभा असायचा’ हे नुसत्या प्रश्नाने कधी निघत नाही, नकाशावर निघतं.

जॉबर, बदली आणि जात

बदली कामगार (कायम नसलेला, गैरहजर माणसाच्या जागी घेतला जाणारा) किती वर्षं होता, गेटवर रोज उभं राहून काम मिळायचं का, जॉबरला काय द्यावं लागायचं, हे विचारायलाच हवं. कुठल्या खात्यात कुठल्या गावची, कुठल्या जातीची माणसं होती, हेही. धोट्यातून दोरा तोंडाने ओढून घेण्याच्या पद्धतीमुळे विटाळाचं कारण पुढे करून दलित कामगारांना साचेखात्यापासून दूर ठेवलं जात होतं आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न उचलला होता. तुमच्या माणसाच्या काळात काय राहिलं होतं, पाण्याची भांडी वेगळी होती का, हे दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत, ओळख मुरल्यावर विचारा. उत्तर आलं नाही तर मनात पाच आकडे मोजा. बहुतेक वेळा तेवढ्यात बोलणं येतं. तरी नाही आलं, तर पुढे चला.

गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बाईंशी बोलायची संधी असेल तर ती सोडू नका. गिरणी त्यांच्या चुलीवरही चालत होती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला. मेंबर (जेवणारे) किती, दोन्ही वेळचं जेवण काय, पीठ किती किलो, पैसे कधी मिळायचे, संपात उधारी किती बुडाली, असे आकड्यांचे प्रश्न विचारा. त्यांना हिशेब तोंडपाठ असतो.

तारखा कशा लावायच्या

‘कुठल्या साली?’ या प्रश्नाला खरं उत्तर क्वचितच मिळतं. त्यापेक्षा मोठ्या घटनेच्या आधी की नंतर, असं विचारा. पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२, मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२, रेल्वेचा संप मे १९७४, आणीबाणी जून १९७५, मुंबईतल्या पोलिसांचं बंड ऑगस्ट १९८२, इंदिरा गांधींची हत्या ३१ ऑक्टोबर १९८४, बॉम्बस्फोट १२ मार्च १९९३, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. घरातल्या तारखाही लावा: लग्न, थोरल्याचा जन्म, गावचं घर बांधलं ते वर्ष.

सगळ्यात मोठा घोळ गिरणी बंद होण्याच्या तारखेत होतो. ‘८२ ला गिरणी बंद झाली’ असं सरसकट सांगितलं जातं. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे ‘संप कधी संपला’ याला एक उत्तर नाही. तीन तारखा वेगळ्या विचारा: तुम्ही काम कधी सोडलंत, परत गेलात का आणि कधी, आणि गिरणीला कायमचं टाळं कधी लागलं. दोन उत्तरं जुळली नाहीत तर त्यांना चुकीचं ठरवू नका. त्यांचं म्हणणं तसंच ठेवा आणि कागदावरची तारीख शेजारी टिपा.

जागांचंही तसंच. त्यांचा डिलाईल रोड म्हणजे ना. म. जोशी मार्ग, एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ पासून प्रभादेवी झालं, फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, दादरच्या इंदू मिलची जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी दिलेली. लिहिताना जुनं नाव ठेवा, नवं पुढे जोडा.

आजच्या बातम्या बोलण्यात शिरणारच. घरांची सोडत, आझाद मैदानावरचं आंदोलन, बीडीडी चाळींच्या जागी उभे राहणारे टॉवर. अडवू नका. पहिली दहा मिनिटं त्यालाच द्या, रेकॉर्डही करा. मनात साचलेलं बोलून झालं की मागचं बोलायला माणूस मोकळा होतो.

नंतरचं काम

त्याच दिवशी फाइलला नाव द्या: तारीख, नातं, खातं, बैठक क्रमांक. तीन प्रती करा, एक फोनबाहेर, एक घराबाहेर. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

उतरवून काढायला तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास धरा. फोनच्या आवाजी टायपिंगने मदत होते, पण ‘धोटा’, ‘कांडी’, ‘थ्रॉसल’ तिथे हमखास बिघडतात. मालवणी असेल तर मालवणी, कोल्हापुरी असेल तर तशीच ठेवा. पुस्तकी करू नका. न कळलेल्या जागी अंदाज न बांधता [अस्पष्ट, २३:४०] असं लिहा.

मारहाण, लाच, संप फोडणाऱ्यांची नावं, घरातल्या कुणाचा गुंडगिरीशी आलेला संबंध असं काही निघालं असेल, तर तो भाग कुणाला ऐकवायचा हे त्यांनाच ठरवू द्या आणि तशी नोंद फाइलसोबत ठेवा. फंडाचे, आधारचे क्रमांक दाखवायच्या प्रतीत झाका. कुटुंबाच्या ग्रुपवर सगळं एकदम टाकू नका.

उतरवलेलं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि तेव्हा फोन पुन्हा चालू ठेवा. ‘नाही, तो जॉबर नंतरचा, आधी दुसराच होता’ असं इथून नव्याने सुरू होतं.