हाताला झेपेल तेवढाच धंदा

आजारपणात किंवा ऑपरेशननंतर शिकलेल्या विणकामाचा, मातीकामाचा, कागदकामाचा छोटा धंदा करावा का, असं विचारणारे बरेच जण भेटतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "विकलं जाईल का हो?" विकलं जातं. नागपुरात हौसेला तोटा नाही. पण त्याआधी एक हिशोब करा: तुमचा हात, पाठ किंवा डोकं, जे काही बरं होतंय ते, रोज न कुरकुरता किती वेळ चालतं?

माझं उजवं मनगट मोपेडवरून पडून मोडलं होतं. प्लेट बसली, टाके निघाले, तरी पोळी लाटता येईना आणि कुलपात किल्ली फिरेना. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ऑक्युपेशनल थेरपी विभागात (रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून उपचार देतात तिथे) आधी मऊ पुट्टी दाबणं, खुंट्या उचलून भोकांत बसवणं असं सुरू झालं. मग तिथल्या मॅडमनी विचारलं, "काकू, आधी हाताने काय आवडीनं करायच्या?" क्रोशा, म्हटलं. दुसऱ्या खेपेपासून जाड मुठीची सुई आणि लोकर. ही काही नवी टूम नाही. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना टोपल्या विणायला आणि मागावर बसायला द्यायचे, तेव्हापासून हस्तकला या उपचारात आहे. आपल्याकडे त्याचं शिक्षण कमला निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये सुरू केलं. साखळी घालताना अंगठा आणि तर्जनीची चिमूट लागते, मुका खांब (आखूड टाका) घालताना मनगटाला हलकी गिरकी मिळते, डाव्या हाताला दोरा ताणून धरावा लागतो. व्यायामच तो, फक्त कंटाळा येत नाही.

आता हिशोब. मला एका बैठकीला पंचवीस मिनिटं आणि दिवसाला सगळं मिळून दोन तास, अशी मर्यादा सांगितलेली आहे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर 50 तास. त्यातला तिसरा हिस्सा टोकं लपवणं, इस्त्री, पॅकिंग आणि नमुने करण्यात जातो. उरले साधारण 33 तास. माझ्या एका वस्तूला अडीच तास लागतात, म्हणजे महिन्याला तेरा वस्तू. कितीही मागणी येवो, तेराच. हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण पहिली मोठी ऑर्डर आली की घरातलेच म्हणतात, "थोडं जास्त बस, काय होते!" होते असं, की रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. मनगट मोडलेल्यांमध्ये तिथली नस दबण्याचा त्रास तसाही होऊ शकतो. मुंग्या आल्या की सुई खाली ठेवायची आणि थेरपिस्टला दाखवायचं, गिऱ्हाइकाला नंतर कळवायचं.

तेराच वस्तू करायच्या तर त्या कोणत्या, याला फार महत्त्व येतं. स्वेटर बाद: वेळ खातो आणि मशीनच्या मालाशी भाव जुळत नाही. रुमाल प्रत्येकीच्या आईने विणून ठेवलेले आहेत. मला वस्तू सापडली ती तान्ह्या पोळ्यात. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं लाकडी नंदीबैल सजवून दोरीने ओढत नेतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्याच दिवशी शहरात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. नंदी पिढ्यान् पिढ्या माळ्यावर असतो, त्याची झूल मात्र दरवर्षी कागदाची किंवा चमकीच्या कापडाची, संध्याकाळपर्यंत फाटणारी. मी सुती दोऱ्याची क्रोशाची झूल करते. वशिंडापासून शेपटीपर्यंत माप घ्यायचं, मग पोटाचा घेर. वशिंडासाठी मध्ये फट सोडायची, आणि ती कडेने मुक्या खांबाने बांधायची, नाहीतर दोन वर्षांत सैल पडते. खाली झालर, चार कोपऱ्यांना घुंगरू. दोन सारखे नंदी मी अजून पाहिले नाहीत, त्यामुळे माप गिऱ्हाइकाकडून फोटोसकट मागवते, फोटोत टेप दिसलीच पाहिजे. "मध्यम आकाराचा आहे" या उत्तरावर मी काम सुरू करत नाही.

अशी वस्तू शोधा: छोटी, हाताने केली तरच शोभणारी, आणि जिची तारीख पंचांगात ठरलेली आहे. मात्र पंचांगही बघत जा. पोळा कधी ऑगस्टमध्ये येतो, त्याआधी अधिक मास आला की सप्टेंबरात सरकतो. दोरा इतवारी बाजारात होलसेलमध्ये घ्यायचा तो त्या अंदाजाने, आणि एका रंगाच्या सगळ्या गुंड्या एकाच लॉटच्या बघून. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा मी विणत नाही. घामाचा हात पांढऱ्या दोऱ्यावर उमटतो, आणि कूलरसमोर बसून मनगट आखडतं. तो महिना नमुने आणि मापांच्या वहीला.

किंमत लावताना बायका सगळ्यात आधी स्वतःची मजुरी खोडतात. माझं गणित असं: दोरा 45 रुपये, मणी-घुंगरू 30, पॅकिंग 25. झाले 100. अडीच तासांचे ताशी 80 प्रमाणे 200. म्हणजे 300 माझ्या हातात यायलाच हवेत. दुकानदार पाव हिस्सा घेतो, म्हणून छापील किंमत 400, आणि घरून घेतली तरी 400. घरी स्वस्त दिली की दुकानदार पुढच्या वर्षी दारात उभं करत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. दुकानदार म्हणतात, "माल ठेवून जा जी, विकला की पैसे." ठेवा, पण नगांची यादी करून सही घ्या आणि उरलेला माल कधी परत घेणार तेही त्याच कागदावर लिहा. ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ.

"काकू, इतकुशा झुलीचे चारशे?" हे ऐकावं लागतं. भांडायचं नाही, खुलासेही द्यायचे नाहीत. झूल उलटी करून मागची बाजू दाखवायची. ज्याला विणकामातलं कळतं तो घेतो.

आणि आपली दुखण्याची गोष्ट लेबलवर छापू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टॉलवर कोणी कळवळून घेतलं तर तो माणूस पुढच्या वर्षी परत येत नाही. ज्याच्या नंदीला झूल नीट बसली तो येतो, शेजाऱ्याला घेऊन येतो. स्टॉल लावण्याआधी सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात भरणाऱ्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात एक दिवस नुसतं फिरा. लोक काय उचलून बघतात आणि काय बघून परत ठेवतात, ते वहीत लिहा.

कागदपत्रांचा बाऊ नको. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, सरकारी पोर्टलवर फुकट. पैसे मागणाऱ्या साइट निघाल्या आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आपण तिथून कोसो दूर आहोत. बँकेत वेगळं बचत खातं आणि त्याचा क्यूआर कोड, एवढं पहिल्या दिवसापासून करा. एका बाबतीत मात्र सावध राहा: क्रोशाचे हत्ती-ससे करून विकायचे असतील तर 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. त्यामुळे आधी त्यांच्याकडचं कारागिराचं ओळखपत्र, ‘पहचान’ कार्ड, काढा, मग ससे. कर्ज? तेरा झुलींसाठी कर्ज कशाला.

तेरा गुणिले 200, म्हणजे महिन्याला 2,600 रुपये मजुरी, तीही सगळा माल खपला तर. यावर घर चालत नाही, हे आधीच स्वच्छ सांगितलेलं बरं. हात वाढवता येत नाही, म्हणून कमाई डोक्यातून काढावी लागते. मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे किट: मोजून दोरा, सुई, घुंगरू आणि मापं कशी बसवायची याचा छापील कागद. किट भरायला मनगट लागत नाही. दुसरी म्हणजे हॉलमध्ये शनिवारी दुपारी शिकवणी. शिकवताना मी जेमतेम दोन ओळी विणते, बाकी बोलणंच.

शिकवणीला एक बाई आल्या, म्हणाल्या, "तुमच्या थेरपीच्या क्लासला यायचं होतं." मी नाव लगेच दुरुस्त केलं: क्रोशाचा वर्ग. ऑक्युपेशनल थेरपी हा पदवीचा आणि 2021 च्या केंद्रीय कायद्याखाली येणारा आरोग्य-व्यवसाय आहे. मी पेशंट होते, थेरपिस्ट नाही. कोणाचं बोट सुजलेलं दिसलं तर मी मेडिकलची ओपीडी दाखवते, टाका नाही. पाटीवर, व्हॉट्सअॅपवर, कुठेही "याने बरं वाटेल" असं लिहीत नाही. वाटलं तर त्यांचं त्या सांगतात.

तेराच्या वर आलेल्या ऑर्डरी आता याच वर्गातल्या दोघी करतात. प्रत्येक नगाला त्यांना तेच 200 मिळतात, दोरा-घुंगरू माझा, तपासणी माझी, आणि वशिंडाची फट सैल निघाली तर उसवायचं त्यांचं. त्यातल्या एकीचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. तिला मी सांगून ठेवलंय, पुढच्या पोळ्याला तू तुझ्या नावाने विक, माझं दुकानदाराशी बोलून झालंय.