अवघड विज्ञान-गणित रोजच्या उपमांतून कसं समजवावं

वीज म्हणजे पाइपातलं पाणी, अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, पेशी म्हणजे कारखाना. तिन्ही उपमा सर्रास ऐकू येतात, पण त्यांची किंमत सारखी नाही. पहिली नीट कळली की सर्किटचे साधे प्रश्न तोंडी सुटतात. दुसरीने एकेकाळी मोठं काम केलं, आज ती बहुतेक गैरसमजच पेरते. तिसरीवर ऐकणारा मान डोलावतो, पण तिच्या आधाराने पेशीबद्दल एकही नवा अंदाज बांधता येत नाही. उपमेची कसोटी हीच: जे सांगितलेलं नाही, ते तिच्यावरून काढता आलं पाहिजे.

पुढे उपमेय म्हणजे समजवायची कल्पना आणि उपमान म्हणजे तिच्यासाठी वापरलेली ओळखीची गोष्ट.

पायरी १: आधी संबंध लिहून काढा

उपमान शोधायला लगेच धावू नका. कागदावर दोन-तीन वाक्यं लिहा: काय वाढलं की काय वाढतं, काय घटतं, काय कायम राहतं. ‘विद्युतप्रवाह म्हणजे काय’ हा मथळा इथे निरुपयोगी. ‘विभवांतर (व्होल्टेज) दुप्पट केलं की प्रवाह दुप्पट, रोध (रेझिस्टन्स) दुप्पट केला की प्रवाह निम्मा, आणि वाटेत प्रवाह कुठेही खर्च होत नाही’ हे वाक्य कामाचं. असं वाक्य लिहिता येत नसेल, तर उपमा शोधण्याआधी पुन्हा विषयाकडे जायला हवं.

मग ऐकणारा नेमका कुठे अडतो ते ठरवा. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुष्यकाल घ्या. ‘ठरावीक काळात निम्मा उरतो’ हे पाठ व्हायला वेळ लागत नाही. अडचण वेगळीच असते: एकेका अणूचं काहीच सांगता येत नाही, तर एकूण हिशोब इतका नेमका कसा? जळणारी मेणबत्ती इथे चालत नाही. ती सारख्या वेगाने घटते आणि ठरल्या वेळी संपते. हवे असतात फासे. १०० फासे फेका, सहा पडलेले बाजूला काढा, उरलेले पुन्हा फेका. चार फेकींनंतर साधारण ४८ उरतात, आठ फेकींनंतर २३. कोणता फासा जाणार ते सांगता येत नाही, पण किती जाणार ते बरंच सांगता येतं. दहा वेळा वाचलेल्या फाशाची पाळी आता जवळ आली, असंही नाही. अणूही जुना झाला म्हणून फुटत नाही.

फासे ५० पेक्षा कमी घेऊ नका. दहा फाशांत चढउतार इतके मोठे असतात की नियम दिसण्याऐवजी गोंधळ दिसतो. १०० फाशांतही पहिल्या फेकीत १७ च्या जागी १२ किंवा २२ निघू शकतात. ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर समोरचा फाशांवर संशय घेत बसतो. प्रत्यक्षातल्या नमुन्यात अणूंची संख्या अफाट असते, म्हणून तिथे हे चढउतार जाणवत नाहीत.

पायरी २: उपमान निवडा, दिसण्यावर भाळू नका

उपमान ऐकणाऱ्याच्या हाताखालचं हवं, नुसतं ऐकिवातलं नको. ज्याला बुद्धिबळ येत नाही त्याला बुद्धिबळातून काही समजवायला गेलात, तर समजवायच्या गोष्टी दोन होतात.

दुसरी अट जास्त महत्त्वाची: साम्य दिसण्यात नको, संबंधांत हवं. रदरफर्डने १९११ मध्ये अणुकेंद्रकाची कल्पना मांडली आणि १९१३ मध्ये बोरने इलेक्ट्रॉनना कक्षा दिल्या. तेव्हा सूर्यमालेची उपमा चालली, कारण दोन्हीकडे मध्याकडे ओढणारं बल आहे आणि ते अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. तेवढा संबंध खरा आहे. पण ऐकणारा उचलतो ते चित्र: गोळा आणि त्याभोवती फिरणाऱ्या गोळ्या. इलेक्ट्रॉनला ग्रहासारखा ठरलेला मार्ग नसतो, तो अमुक जागी सापडण्याची शक्यता तेवढी सांगता येते. पोकळपणाचं प्रमाणही जुळत नाही. नेपच्यूनच्या कक्षेचा व्यास सूर्याच्या व्यासाच्या साधारण साडेसहा हजार पट आहे. अणूचा व्यास मात्र केंद्रकाच्या दहा हजार ते एक लाख पट असतो, म्हणजे अणू सूर्यमालेपेक्षाही रिकामा.

एक सापळा हटकून सापडतो, तो म्हणजे उपमेयच उपमानात लपलेलं असणं. गुरुत्वाकर्षण समजवायला ताणलेल्या रबराच्या पडद्यावर जड गोळा ठेवतात आणि गोटी खळग्याकडे घरंगळते. पण गोटी घरंगळते ती खालून पृथ्वी ओढते म्हणून. गुरुत्वाकर्षण समजवायला गुरुत्वाकर्षणच वापरलं! वस्तुमानाजवळ मार्ग वळतो, एवढंच दाखवायला पडदा ठीक आहे. ‘का पडतं’ याचं उत्तर त्यात नाही.

पायरी ३: जोड्या लावा आणि उपमेला कामाला लावा

कागदाचे दोन भाग करा. डावीकडे उपमान, उजवीकडे उपमेय. विजेसाठी डावीकडे ‘नळ’ लिहू नका. नळातून पाणी येतं, सांडतं, संपतं. वीजही उपकरणात जाऊन ‘संपते’ हा सगळ्यात चिवट गैरसमज तिथेच रुजतो. बंद वळसा घ्या: पंप, पाण्याने काठोकाठ भरलेले पाइप, मध्ये एक चक्र, आणि पाणी परत पंपात. मग जोड्या अशा लागतात. पंप म्हणजे बॅटरी. दाबातला फरक म्हणजे विभवांतर. दर सेकंदाला किती लिटर, हा प्रवाह. अरुंद पाइप म्हणजे रोध. फिरणारं चक्र म्हणजे मोटर. चक्रातून पुढे गेलेलं पाणी तेवढंच राहतं, घटतो तो दाब.

पाइप आधीपासून भरलेले आहेत, ही बाब पहिल्याच वाक्यात सांगा, कारण एक मोठं कोडं तिच्यामुळे सुटतं. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी ०.०७ मिलिमीटर सरकतात. एक मीटर जायला त्यांना पावणेचार तास लागतात. तरी दिवा बटण दाबताच का लागतो? भरलेल्या पाइपात पंप सुरू होताच लांबचं चक्रही जवळपास लगेच फिरतं. पाणी मात्र संथच सरकतं.

आता उपमेकडून अंदाज काढून घ्या. दोन सारखे अरुंद पाइप एकापुढे एक जोडले तर पाणी कमी वाहील. शेजारी शेजारी जोडले तर जास्त. एकसर आणि समांतर जोडणी इथे नवं काही न शिकवता हाती येते.

शब्द मात्र जपून. पाइपाला ‘अडथळा’ म्हटलंत की शेजारी शेजारी दोन अडथळे म्हणजे दुप्पट अडवणूक, असं वाटू लागतं. मानसशास्त्रज्ञ डेड्रे गेंटनर आणि डोनाल्ड गेंटनर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच फरक पुढे आले. विजेचा विचार पाण्यासारखा करणाऱ्यांना बॅटऱ्यांच्या जोडण्या जास्त बरोबर सुटल्या. फाटकांतून जाणाऱ्या गर्दीसारखा विचार करणाऱ्यांना रोधांच्या जोडण्या. शेजारी दुसरं फाटक उघडलं की जास्त माणसं बाहेर पडतात, हे गर्दीत सहज दिसतं. गर्दीला बॅटरी कुठून आणणार, हे मात्र दिसत नाही. म्हणून उपमान विषयावरून निवडू नका, प्रश्नावरून निवडा.

पायरी ४: उपमा कुठे मोडते ते सांगा

प्रत्येक उपमा कुठेतरी मोडते. तार कापली तर प्रवाह थांबतो, पाइप कापला तर पाणी बाहेर येतं. तारेचा व्यास दुप्पट केला तर रोध चौथ्या हिश्शावर येतो. संथ वाहणाऱ्या पाण्यासाठी पाइपाचा रोध सोळाव्या हिश्शावर येतो. चुंबकक्षेत्राला तर पाण्यात जोडीदारच नाही, तेव्हा ट्रान्सफॉर्मर या उपमेतून समजवायला जाऊ नका.

हे सगळं ऐकवायचं नसतं. ऐकणारा ज्यांवर खरोखर ठेचकाळेल अशा एक-दोन जागा निवडा आणि उपमा वापरून झाल्यावर लगेच सांगा. आधीच सांगितलं तर उपमेवरचा विश्वास उडतो. तासाभराने सांगितलं तर चूक पक्की झालेली असते.

हा सावधपणा नवशिक्यांसाठीच आहे असं नाही. फ्रेंच अभियंता सादी कार्नोने १८२४ मध्ये उष्णतेच्या इंजिनाची तुलना पडत्या पाण्याशी केली: पाणी उंचावरून खाली येताना काम करतं, तशी उष्णता गरम ठिकाणाहून थंड ठिकाणी येताना. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष आजही टिकून आहे. आदर्श इंजिनाची कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर ठरते, आत वाफ आहे की हवा यावर नाही. पण त्याच उपमेतून दुसरी गोष्टही आली. पाणी जसं सगळंच्या सगळं खाली पोचतं, तशी उष्णताही न घटता खाली पोचते. ते चूक. उष्णतेचा काही भागच कामात बदलतो, आणि ही दुरुस्ती १८५० च्या सुमारास क्लॉसियस आणि केल्विन या भौतिकशास्त्रज्ञांच्या कामातून झाली. म्हणून जोड्यांच्या यादीत प्रत्येक ओळ वेगळी तपासा. तीन जुळल्या म्हणून चौथी जुळेलच असं नाही.

गणिताचं थोडं वेगळं

गणितातली उपमा अशी हवी की तिच्यात आकडे घालून उत्तर काढता येईल. समीकरणासाठी तराजू उत्तम. ३क्ष + ५ = २० मध्ये दोन्ही पारड्यांतून ५ काढले, उरलेल्याचे तीन सारखे भाग केले, क्ष = ५. पण क्ष + ७ = ३ आलं की पारड्यात उणे चार वजन ठेवायची वेळ येते. काही जण तिथे पारड्याला फुगे बांधतात. त्यापेक्षा तराजू बाजूला ठेवून संख्यारेषेवर जाणं बरं, कारण ठिगळ लावलेली उपमा मूळ कल्पनेपेक्षा अवघड होते.

उणे गुणिले उणे अधिक का, यासाठी कर्जाची उपमा फार वापरली जाते आणि फार गोंधळ घालते. टाकी घ्या. टाकीतून मिनिटाला ३ लिटर पाणी जातंय, म्हणजे −३. दोन मिनिटांपूर्वी, म्हणजे −२ या वेळी, टाकीत आत्तापेक्षा किती पाणी होतं? ६ लिटर जास्त. (−३) × (−२) = +६. ही सिद्धता नव्हे. खरं कारण वितरण गुणधर्मात आहे, म्हणजे कंसाबाहेरची संख्या कंसातल्या प्रत्येक संख्येला गुणते: (−३) × (२ + (−२)) हे शून्य असायला हवं, त्यातला पहिला भाग −६ आहे, मग दुसरा +६ असल्याशिवाय भागत नाही. टाकीने नियम पटतो, मग ही ओळ दाखवायची.

डेरिव्हेटिव्हसाठी (बदलाचा दर) गाडीचा वेगमापक आणि इंटिग्रलसाठी (साठत गेलेली बेरीज) अंतरमापक, याहून सोपं काही नाही. फक्त गाडी मागे घेतली तर काय, हे बोलून घ्या. इंटिग्रलमध्ये मागे गेलेलं अंतर वजा होतं. अंतरमापकावर तो हिशोब मिळेलच असं नाही.

मोठ्या संख्यांना एकच एकक द्या आणि संख्या ताणू द्या. एक लाख सेकंद म्हणजे जेमतेम २८ तास, एक कोटी सेकंद म्हणजे ११६ दिवस, एक अब्ज सेकंद म्हणजे जवळपास ३२ वर्षं. ‘एकावर एक रचले तर चंद्रापर्यंत’ हे वाक्य टाळा. चंद्र किती लांब आहे हे तरी कोणाला जाणवतं?

पायरी ५: सांगण्याचा क्रम आणि तपासणी

आधी फक्त उपमान सांगा, एक-दोन मिनिटांत. त्यातच एक प्रश्न विचारा आणि समोरच्याला उत्तराचा अंदाज बांधू द्या. मग जोड्या उघडपणे लावा, मोडण्याची जागा सांगा आणि शेवटी खरी संज्ञा व सूत्र द्या. जोड्या आपोआप लागतील यावर विसंबू नका. मानसशास्त्रज्ञ मेरी गिक आणि कीथ होलियोक यांच्या १९८० च्या प्रयोगांत लोकांना आधी किल्ल्यावर अनेक वाटांनी सैन्य नेण्याची गोष्ट दिली आणि मग आसपासच्या भागाला इजा न करता किरणांनी शरीरातली गाठ नष्ट करण्याचा प्रश्न विचारला. उत्तर गोष्टीतच होतं: अनेक दिशांनी क्षीण किरण एकाच वेळी गाठीवर सोडायचे. तरी ‘गोष्ट वापरा’ असं सुचवेपर्यंत बहुतेकांना ते दिसलं नाही. १९८३ मध्ये त्यांनी दाखवलं की दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करायला लावली, तर मूळ कल्पना जास्त चांगली हाती लागते. म्हणून पहिली उपमा पक्की झाल्यावर दुसरी द्या आणि दोन्हींत समान काय ते विचारा. दोन्ही एकदम दिल्यात तर खिचडी होते.

‘समजलं का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ येतं. त्याऐवजी विचारा: दिव्याच्या अलीकडच्या तारेत प्रवाह जास्त, की पलीकडच्या? ‘अलीकडच्या’ असं उत्तर आलं, तर नळाचं चित्र अजून डोक्यातून गेलेलं नाही. अशा वेळी तीच उपमा पुन्हा सावकाश सांगून उपयोग नसतो. तोच प्रश्न पाण्याबद्दल विचारा: चक्राच्या अलीकडे पाणी जास्त वाहतं, की पलीकडे? तिथेही चूक झाली तर उपमानच कच्चं आहे, दुसरं शोधा किंवा पारदर्शक नळी आणि छोटा पंप घेऊन प्रत्यक्ष दाखवा. पाण्याचं उत्तर बरोबर आणि विजेचं चूक असेल, तर जोडी सुटलेली आहे, कागदावरच्या त्या ओळीकडे परत जा. दोन्ही बरोबर आली, तर पुढचा प्रश्न पाण्याचं नावही न घेता थेट अँपिअर आणि व्होल्टमध्ये विचारा.